सतरा नंबरचा ऐन

१६ फेब्रुवारी १९८६, बोरिवली
वणव्यात सापडलेल्या वीस झाडांची अकरावी मोजणी झाली. मार्चची एक राहिली. ती झाली की वर्ष पूर्ण. मग अहवाल, फेलोशिपला दोन वर्षं मुदतवाढ, पीएच.डी.ची नोंदणी. अडण्यासारखं काहीच नाही.
सतरा नंबरचा ऐन सर्वांत महत्त्वाचा. वीसपैकी हे एकच झाड चारी बाजूंनी जळून जगलं. साल अठरा मिलिमीटर जाड, म्हणून धग आतपर्यंत गेली नाही. सध्या अंगावर एकही पान नाही. उन्हाळ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानं स्वतःच टाकतं. फांदी नखाने खरवडली, आत हिरवी. बघणाऱ्याला मेलेलं वाटतं. बघणाऱ्याची चूक.

१९ फेब्रुवारी
अण्णांनी प्रथमच विचारलं, शकु, तू त्या जंगलात नक्की करतेस काय? गिरणी बंद पडल्यापासून ते वॉचमनची नोकरी करतात, बाकी वेळ चाळीचा. मी सालीबद्दल आणि पानगळीबद्दल बारा मिनिटं सांगितलं. शेजारचे काशीरामकाकाही ऐकत होते. ते म्हणाले, गो बाय, ता सगळा ऱ्हवांदे. बरा पेटता खंयचा, ता सांग.
चांगला प्रश्न. ज्वलनशीलतेकडे माझं दुर्लक्षच झालं होतं. ऐनाचं वाळलेलं लाकूड संथ आणि खूप वेळ जळतं, असं सांगितलं. अण्णांनी दोनदा विचारून घेतलं.
सामान्य माणसाला विज्ञान समजत नाही, हा माझ्या गाइड मॅडमचा गैरसमज आहे.

२ मार्च, रविवार
अण्णा माझ्याबरोबर जंगलात आले. चोवीस वर्षांत लेकीचं काम बघायला पहिल्यांदा. (शाळेच्या बक्षीस समारंभांच्या वेळी त्यांची पाळी असायची. तक्रार नाही.) कौतुकाची मला गरज नसते, हे इथे नोंदवते.
एकोणीस झाडांपाशी ते जांभया देत होते. सतरा नंबरपाशी थांबले. मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं. मग खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मी दुसरीकडे बघितलं. माणसाला अशा वेळी एकटं सोडावं.
परतताना त्यांनी विचारलं, इथून हातगाडी येते का? मी म्हटलं, चौकीपर्यंत येते. माझी उपकरणं वाहण्याची काळजी असावी.

१३ मार्च
चाळीत होळीची मीटिंग. अण्णा प्रमुख. गेल्या वर्षी मागच्या चाळीची होळी आमच्यापेक्षा दोन हात उंच होती, ते दुःख अजून ओलं आहे. मी गेले नाही. संकल्प: ३१ तारखेपर्यंत फक्त अहवाल.

२० मार्च
अण्णांनी वनखात्याचा माझा पास बघायला मागितला. रकाने समजावून दिले. ‘लाकडाचा नमुना’ यापुढचा ‘आकारमान’ हा रकाना मी कोरा ठेवलाय. नमुने लहानमोठे असतात. अंदाजे आकडा लिहिणं मला पटत नाही. अण्णा म्हणाले, बरोबर आहे, लिहूच नये. पास त्यांच्याकडेच राहिला. शेजाऱ्यांना दाखवत असणार.

२५ मार्च, होळी
सव्वासातला खाली उतरले. होळीच्या मधोमध सरळ खोड उभं होतं, मागच्या चाळीपेक्षा तीन हात उंच. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने इंग्रजी 17. सातच्या आकड्याला आडवी रेघ मीच देते.
मी म्हटलं, अण्णा, हे जिवंत होतं. अण्णा म्हणाले, चल, एक पान नव्हतं त्याला! मी म्हटलं, मी सांगितलं होतं तुम्हाला. ते म्हणाले, सांगितलंस ना, वाळलेला ऐन बराच वेळ जळतो. मी म्हटलं, ही चोरी आहे. काशीरामकाका म्हणाले, होळयेचा लाकूड कोण मागून हाडता काय गो? चोरूनच हाडूचा आसता. अण्णा म्हणाले, आणि पास होता, म्हणजे चोरीपण नाही.
मग पेटवली. चटकन पेटलं नाही. खूप धूर झाला, फेस आला. जिवंत लाकडाचं असंच होतं. मी हे मोठ्याने सांगितलं. ढोल चालू होता.
ती मिठी नव्हती. घेर मोजत होते.

२७ मार्च
चौकीवर गेले. वनरक्षक धाकू म्हणाला, पासवर तुमचं नाव, बरोबर तुमचे वडील. नमुना मोठा आहे म्हणाले. मला वाटलं, ताई आता मोठ्या कामाला लागल्या.
संकल्प: अण्णांशी बोलायचं नाही. दुपारी त्यांनी मीठ मागितलं. मीठ देणं हे बोलणं नव्हे.

३० मार्च
बारावी मोजणी. एकोणीस झाडं. एकोणीसही पुरतील. मॅडम आकड्यांपेक्षा निष्कर्षाला महत्त्व देतात.

३१ मार्च
मॅडम म्हणाल्या, निष्कर्ष ज्या झाडावर उभा होता तेच नाही, तर मुदतवाढ कशाच्या जोरावर मागू? पीएच.डी.ची नोंदणीही थांबली. नवी झाडं, नवं वर्ष, जमलं तर. मग विचारलं, तोडलं कोणी? वनखात्याला कळवावं लागेल, नाव असेल तर द्या.
मी म्हटलं, माहीत नाही. आयुष्यातली पहिली खोटी नोंद.
घरी आले तेव्हा अण्णा दारातच उभे होते. नाव दिलंस का माझं? मी म्हटलं, नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. पाठीवर थाप मारून म्हणाले, शाबास. हुशार आहे माझी पोरगी.
सहा वाजून चाळीस मिनिटं. शाबास प्रथमच. बाकी काही नोंदवण्यासारखं नाही.