काळाचौकी ते नेपाळ, व्हाया वडाळा

६ ऑक्टोबर १९५७, रविवार
आजपासून नियमित डायरी. रशियाने आकाशात नवा चंद्र सोडल्याचं पेपरात आहे. माणूस तिथपर्यंत पोचतो, मग काळाचौकीतल्या माणसाने स्वतःच्या गाडीने नेपाळला का जाऊ नये? डोंगरातून नवा मोटाररस्ता झालाय. वर दामन म्हणून थंड हवेचं ठिकाण आहे. आठ हजार फूट. तिथून अख्खा हिमालय दिसतो म्हणतात. माथेरानला काय, कोणीही जातं.
गाडी आहेच. परळच्या पारशी डॉक्टरांकडून घेतलेली जुनी मॉरिस. चार सीटा. मी, रघुवीर, शेवंती, आणि एक सीट सामानाला.
रघुवीर माझा धाकटा भाऊ. आईमागे मीच वाढवला. दोन महिन्यांपूर्वी बायकोला घेऊन वडाळ्याला बिऱ्हाड केलं. म्हणाला, दादा, आता मूल होणार, एका खोलीत मावणार कसे? निमित्त! खोली आता चांगली ऐसपैस वाटते. खोकलं तरी घुमतं.

१३ ऑक्टोबर
वडाळ्याला जाऊन प्लॅन सांगितला. शेवंती हसायलाच लागली. म्हणाली, भाऊजी, मला नववा लागतोय आणि तुम्ही हिमालयात कुठे नेताय? रघुवीर म्हणाला, बारसं होऊ दे दादा, मग सगळे लोणावळ्याला जाऊ. लोणावळा! दोघांनाही दूरदृष्टी नाही.
निश्चय: पुन्हा विचारणार नाही. तेच विचारत येतील.

२० ऑक्टोबर
आले नाहीत. दिवाळीची गडबड असेल.

२५ ऑक्टोबर
रघुवीर फराळाचा डबा घेऊन आला. मी गाडीखाली होतो. काम संपलं होतं, तरी बाहेर आलो नाही. बिचारा पंधरा मिनिटं माझ्या पायांशी बोलत बसला. शेवटी म्हणाला, दादा, एकटा जाऊ नकोस. मला हुकूम सोडतो! चकल्या बऱ्या होत्या.

१ नोव्हेंबर
मिलमधून पाच आठवड्यांची रजा मंजूर. साहेबाने कारण विचारलं. फॉरिन, म्हटलं.
संध्याकाळी चाळीतली मंडळी सभेला लाऊडस्पीकर लावायला गाडी मागायला आली. मी म्हटलं, महाराष्ट्राला पूर्ण पाठिंबा, पण गाडी परदेशी जायची आहे. शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या, आधी चिंचपोकळीचा पूल तरी चढवा, सीतारामभाऊ. कालच चढवला. दुसऱ्या प्रयत्नात.

७ नोव्हेंबर, पहाटे ५
निघतोय. वडाळ्याला कळवलेलं नाही. कळेल आपोआप. मग काळजी करतील. करू देत.
गाडीच्या पाठीवर कोणीतरी पांढऱ्या रंगाने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं रंगवून ठेवलंय. पुसायला वेळ नाही.

११ नोव्हेंबर, इंदूर
वेग थोडा कमी. गाडी विचार करून चालते. एकट्याने प्रवास केला की माणसाचं मन मोकळं होतं. दिवसातून आठ-दहा वेळा थांबून लोकांना रस्ता विचारतो. रस्ता एकच आहे, तरी विचारतो.

१९ नोव्हेंबर, रक्सौल
सरहद्द ओलांडली! नाक्यावरच्या साहेबाने विचारलं, किती माणसं? माझ्या तोंडून निघून गेलं, तिघं. त्याने गाडीत वाकून बघितलं. दोघं मागून येताहेत, म्हटलं. त्याने मागच्या रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.
पलीकडच्या नेपाळी शिपायाने गाडीच्या पाठीवरची अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. त्यांची लिपी आपलीच. मग विचारलं, हे तुमच्या राजाचं नाव का? फार लांब आहे, म्हणाला. होय, म्हटलं.

२१ नोव्हेंबर, दामन
पोचलो. घाटात रेडिएटर उकळला, तेव्हा शेवटचे बारा मैल एका सरदारजीच्या ट्रकने दोर बांधून आणलं. स्टिअरिंग मात्र पूर्ण वेळ माझ्याच हातात होतं.

२२ नोव्हेंबर
धुकं. समोरचं झाड दिसत नाही. बंगल्यात मी आणि चौकीदार. पण धुकं उत्तम दर्जाचं.

२३ नोव्हेंबर, सकाळी ६॥
धुकं गेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फाचे डोंगर. वर ऊन आलेलं, खाली अजून काळोख.
मी एकदम ओरडलो, रघ्या, बघ!
चौकीदार धावत आला. काय हवं म्हणाला. चहा सांगितला.
चहा होईपर्यंत ढग आले. लगेच परत फिरायचं ठरवलं. इथे पाहण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

५ डिसेंबर, काळाचौकी
घरी. चाळभर अजून संयुक्त महाराष्ट्रवाल्यांच्या प्रतापगडच्या मोर्च्याच्याच गप्पा. मी दिसल्यावर सुंदराबाई आधी म्हणाल्या, तुम्हीही प्रतापगडला होतात ना? मी म्हटलं, नेपाळला. त्या म्हणाल्या, बरं.
मग म्हणाल्या, अहो, रघुवीर तीनदा येऊन गेला. सोळा तारखेला मुलगी झाली. कानात नाव सांगायला आत्या नाही, म्हणून शेवंतीने धरून ठेवलं होतं, भाऊजीच सांगतील. बारशाला दिवेलागणीपर्यंत पाळणा तसाच ठेवला. शेवटी एका शेजारणीने उरकलं.
उद्याच वडाळा.

६ डिसेंबर
गाडी धुतली. अशा धुळीत लहान मुलाकडे जाऊ नये.

७ डिसेंबर
केस कापले. अंगाला अजून प्रवासाचा थकवा आहे. उद्या नक्की.

८ डिसेंबर, रविवार
गेलो. हिमालयाबद्दल काय सांगायचं ते पाठ केलं होतं. कोणी विचारलं नाही. रघुवीर माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. शेवंतीने चहा दिला आणि मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. हलकी आहे. कपाळ रघुवीरचं.
मी नाव विचारलं. रघुवीरने खिडकीबाहेर बघतच, न वळता सांगितलं. नेमकं त्याच वेळी खाली रेल्वे यार्डात इंजिनाने लांबलचक शिट्टी दिली. काही ऐकू आलं नाही.
छान आहे, म्हणालो.
आता पुन्हा विचारता येणार नाही.