आगपेटीएवढा दिवा

सोमवार, ३ डिसेंबर

आज पुन्हा गळती! वळणाचा दिवा लावला की नारिंगी उजेड शेजारच्या पांढऱ्यात घुसतो आणि समोरच्याला दिसतो तो धड पांढरा नाही, धड नारिंगी नाही, कावीळ झाल्यासारखा काहीतरी रंग. साहेबांनी विचारलं, ही स्कूटर वळतेय की आजारी आहे? सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

एका भिंगामागे तीन कामं कोंबायची — दिवसा ठसठशीत पांढरा, वळताना नारिंगी, उभी असताना मंद. आणि जागा किती? स्कूटरच्या नाकाडावर आगपेटीएवढी. पूर्वी या तिघांचे तीन वेगळे दिवे असायचे, आपापल्या घरात सुखाने नांदायचे. आता तिघांचा संसार एका खोलीत, आणि भांडणं सोडवायला मी.

बुधवार, ५ डिसेंबर

सुटलं! भिंगाच्या मागे जिथे सगळा उजेड एकवटतो, नेमकी तिथे दोन एलईडींच्या मधोमध काळ्या प्लास्टिकची पातळ पट्टी उभी केली. गळती बंद. पांढरा तो पांढरा, नारिंगी तो नारिंगी. साहेब अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बघत राहिले आणि काही न बोलता निघून गेले. म्हणजे आवडलं.

एकोणीस तारखेला दिव्याच्या साच्याचं पोलाद कापायचं ठरलंय. ते एकदा कापलं की कापलं, मग मनात आलं म्हणून मिलिमीटरही इकडचा तिकडे होत नाही. तोवर आणखी दोन आठवडे रोज नऊपर्यंत बसावं लागणार असं दिसतंय.

घासून चकचकीत केलेलं नमुन्याचं भिंग घरी आणलं. कौतुकाने झोपायच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. हिने उचलून बघितलं आणि विचारलं, पेपरवेट आहे का? वर्षभराची मेहनत — पेपरवेट!

शनिवार, ८ डिसेंबर

पडद्याला भोक पडलंय. वाटाण्याएवढं, कडा काळ्याकुट्ट. हिने त्यात बोट घालून मला दाखवलं.

"परत ओढायला लागलास?"

मी शपथा घेतल्या. दोन वर्षं झाली सोडून, एक झुरका घेतलेला नाही. पण ही छातीच्या वॉर्डात नर्स आहे, ओढणाऱ्यांच्या शपथा रोज ऐकते. सोडली तेव्हा तिने एवढंच सांगितलं होतं, पुन्हा ओढलीस तर मी भांडणार नाही, विचारायचंच सोडून देईन. त्या वाक्याची मला अजून भीती वाटते.

आणि माझ्या बाजूने बोलायला आहे तरी काय? रोज नऊला घरी येणारा माणूस, खिडकीजवळचा पडदा, सिगारेटने पडावं तसं भोक. तिच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

रविवार, ९ डिसेंबर

ती भांडली नाही. काही विचारलंही नाही.

मंगळवार, ११ डिसेंबर

आज हिय्या केला. साडेपाचला टेबल आवरलं, सहाला दारात उभा. म्हटलं, वास घे. तिने घेतला! शर्टाचा, बोटांचा, मग तोंड उघडायला लावून. पेशंटला तपासावं तितक्या गंभीरपणे.

"उद्याही घेईन," म्हणाली.

विचारणं अजून सुटलेलं नाही म्हणायचं.

शुक्रवार, १४ डिसेंबर

आता रोजचा नेम झालाय. सहाला तपासणी, मग चहा, मग गप्पा. वॉर्डातले एक आजोबा तिला रोज नवीन स्थळ सुचवतात. तिने सांगितलं, आजोबा, मला नवरा आहे. तर म्हणाले, असू दे की, बघून ठेवायला काय जातं! मी इतका हसलो की चहा सांडला. असं हसून किती दिवस झाले ते आठवेना. गेल्या वर्षभरातलं मला फक्त भिंग आठवतंय. वाईट वाटलं. बरंही वाटलं.

आता तरी विश्वास बसला का, असं विचारलं. "बघू," म्हणाली. निकाल राखून ठेवलाय.

भिंग कट्ट्यावर दिसलं नाही म्हणून शोधलं, तर कपाटातल्या स्टीलच्या डब्यात, झाकण लावून! धूळ बसते म्हणून ठेवलं म्हणे. माझ्या वस्तूंवरच्या धुळीची हिला कधीपासून काळजी?

रविवार, १६ डिसेंबर

ही रात्रपाळी करून आली आणि झोपली. मी भिंगावर ओरखडा आहे का ते उजेडात बघायला डबा उघडला, भिंग कट्ट्यावर ठेवलं आणि चहा टाकायला गेलो. परत आलो तो जळका वास. हिवाळ्याचं तिरपं ऊन थेट भिंगात शिरत होतं आणि मागे पडद्यावर डोळे दिपवणारा एक ठिपका. त्यातून धुराची बारीक दोरी वर चढत होती.

हिला हलवून उठवलं. म्हटलं, बघ, मी नाही, सूर्य ओढतोय! तिने एक डोळा उघडून पाहिलं, "अच्छा" म्हणाली, हसली आणि कूस बदलून झोपली. मी निर्दोष सुटलो त्याचा आनंद मलाच!

तोही फार टिकला नाही. चहाचा पहिला घोट घेताना डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. स्कूटर उन्हात उभी असेल तेव्हा तिच्या नाकाडावर हेच भिंग असणार. आणि मागे, जिथे सगळा उजेड एकवटतो नेमक्या तिथे — माझी लाडकी काळी पट्टी! वर्षभर आम्ही सगळ्यांनी दिव्यातून बाहेर पडणारा उजेड मोजला. आत काय शिरतं ते एकानेही पाहिलं नाही.

सोमवार, १७ डिसेंबर

आज ऊन आलं तसं नमुन्याचा दिवा घेऊन साहेबांना गच्चीवर नेलं. पट्टी त्यांच्या डोळ्यांदेखत मेणासारखी वाकली. त्यांनी वाकलेली पट्टी उलटसुलट करून पाहिली. शेवटी म्हणाले, परवा पोलाद कापलं असतं. साच्यावाल्याला थांबवायला सांगितलं तर तो माझ्या सात पिढ्यांवर घसरला. ठोकळा मशिनवर चढवून ठेवला होता बिचाऱ्याने. नवीन तारीख सत्तावीस, त्यापुढे एक दिवस मिळणार नाही.

गुरुवार, २० डिसेंबर

रस्ता दिसतोय. भिंग जरासं खाली झुकवलं की सूर्याचा ठिपका पट्टीवर न पडता मागच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पडतो. पत्र्याला काय, तो तापेल आणि निवेल. पण झुकवलं की नारिंगी परत गळतो, म्हणून पट्टीलाही वाकवावं लागतंय. घरी यायला नऊ वाजले. तपासणीची भानगड मिटली ते एक बरं झालं. ही जेवून झोपली होती.

बुधवार, २६ डिसेंबर

पास! सूर्याइतक्या प्रखर झोताखाली नवा दिवा दिवसभर ठेवला, सगळ्या कोनांतून फिरवला. पट्टी ताठ, पांढरा पांढरा, नारिंगी नारिंगी, आणि सगळं मिळून आगपेटीएवढंच! साहेबांनी पाठीवर थाप मारली. उद्या पोलाद कापतील. घरी येऊन सांगायचं होतं, पण ही आजही झोपली होती.

गुरुवार, २७ डिसेंबर

सकाळी चहा गाळताना सहज विचारलं, त्या दिवशी एवढा धूर निघाला आणि तू दचकलीही नाहीस?

"मला माहीत होतं. भोक दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच पडदा धुमसायला लागला. म्हणून तर भिंग डब्यात ठेवलं."

पोलाद, साचा, हुकलेली तारीख, सगळं जिभेवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, मग रोज वास कसला घेत होतीस?

"तू रोज सहाला घरी येत होतास."

संध्याकाळी सहाला दारात उभा राहिलो. म्हटलं, वास घे. आता कशाला, म्हणाली. आणि घेतला.