नववी 'ब'चा संप

बाई,

या शनिवारी मी रिटायर होतेय. तुमच्याच शाळेतून, परळच्या, आणि इतिहास-नागरिकशास्त्र हा तुमचाच विषय शिकवून. आज दुपारभर स्टाफरूममधलं कपाट आवरत होते. तुमच्या वेळचंच लोखंडी कपाट, खालच्या बाजूला लाथ घातल्याशिवाय अजूनही उघडत नाही. त्यातून काय काय निघालं म्हणून सांगू. जनगणनेच्या पिशव्या, मतदार याद्यांच्या झेरॉक्स, निवडणूक ट्रेनिंगच्या पुस्तिका, आणि त्या सगळ्याखाली चेपलेला महाराष्ट्राचा नकाशा. लोकशाहीचा एवढा संसार सांभाळला मी, आणि वेळ मिळाला तेव्हा शिकवलंही. परवा तर कहर झाला. रिटायर व्हायच्या आठवड्यात मला पुढच्या निवडणुकीच्या ड्युटीचं पत्र आलं. मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, तोवर मी साधी नागरिक झालेली असेन, मला नुसतं मत द्यायला बोलवा." ते हसले नाहीत. तुम्ही हसला असतात.

पत्र लिहायचं कारण मात्र दुसरंच आहे. माझ्या निरोप समारंभाला मुलं एक नाटुकलं बसवतायत, आणि त्याचा विषय आहे आपल्या नववी 'ब'चा संप. दर वर्षी नागरिकशास्त्रात हक्कांचा धडा आला की मी ही गोष्ट वर्गाला सांगत आले, आणि दर वर्षी ती अर्धीच सांगत आले. उरलेली अर्धी फक्त तुम्हाला आणि मला माहीत होती. तुम्हाला जाऊन आता वीस-बावीस वर्षं झाली, म्हणजे मी एकटीच उरले. शनिवारी माझा भाऊ येणार, लालबागच्या आमच्या चाळीतले लोक येणार, आणि त्या सगळ्यांना ही गोष्ट माझ्या बाबांच्या तोंडून ऐकून पाठ झालेली आहे. त्यांच्यासमोर ती अर्धी ठेवायची की पुरी करायची, या एका प्रश्नाने मी आठवडाभर नीट जेवलेले नाही.

तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन सहा-सात महिने झाले होते. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील घरी बसलेले, काही मुलं दाखले न काढताच कोकणात गेलेली. बाबा सकाळी तोच पेपर चारदा वाचायचे आणि संध्याकाळी सभेला जायचे. आई लोकांकडे पोळ्या लाटायला जायला लागली होती आणि ते चाळीत कोणाला कळू नये म्हणून जिन्यावरून घाईघाईने उतरायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमचे खेळाचे दोन्ही तास काढून गणिताला दिले गेले. गणिताचे सर तुमचं ऐकत नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं, पण तुम्ही वर्गशिक्षिका, म्हणून राग तुमच्यावर. संपाची कल्पना माझी. दुसऱ्या कोणाची असणार, घरात दिवसरात्र तेच बोलणं. गिरणीत हजेरी लागली की माणूस कामावर आला असं धरतात, हे मला बाबांकडून माहीत. मी मुलांना सांगितलं, उद्यापासून कोणी ओ द्यायची नाही. हजेरीच नाही तर तास कसला घेतायत.

तुम्ही हजेरीपुस्तक उघडता. एक नंबर, गप्प. दोन नंबर, गप्प. पन्नास मुलं हाताची घडी घालून समोर बसलेली आणि तुम्ही शांतपणे प्रत्येकाच्या नावापुढे गैरहजेरी लावत शेवटपर्यंत जाता. मग पुस्तक मिटून, पर्समधून शेंगदाणे काढून खात बसता. मी टेबलावर मागणीपत्र ठेवते. तुम्ही लाल पेन काढून त्यातल्या सात चुकांवर गोल करता आणि परत देता. "आधी शुद्धलेखन सुधारा, मग मागण्या वाचते." इतक्यात हेडमास्तर दारात. "बाई, वर्ग भरलेला आहे आणि सगळे गैरहजर?" तुम्ही शेंगदाण्याची टरफलं कागदात गोळा करत म्हणता, "मी हाक मारली सर, कोणी ओ दिली नाही. रिकाम्या वर्गाला मी काय शिकवू?" आम्ही हसू दाबून दाबून लाल झालो होतो. दर वर्षी मी ही नक्कल करते आणि दर वर्षी पोरं बाकं बडवतात.

आता न सांगितलेली अर्धी. नववीत वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला आपल्या शाळेत दहावीच्या पुस्तकांचा सगळा संच बक्षीस मिळायचा. पाचवीपासून माझा एक दिवस चुकला नव्हता, तापातसुद्धा मी आले होते. ती पुस्तकं घरातून मिळणार नाहीत हे मला आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. संप पुकारताना हे डोक्यात आलं नाही, आलं ते तुम्ही माझ्या नावापुढे गैरहजेरी लावलीत तेव्हा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, सगळी मुलं डबा खात असताना, मी मागच्या जिन्याने स्टाफरूममध्ये आले. तुम्ही एकट्याच होतात.

"बाई, माझी तेवढी हजेरी लावा ना. दोन्ही दिवसांची. मी होते."

तुम्ही वर न बघता म्हणालात, "वर्गातलं आणखी कोण कोण येणार आहे असं?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"बाहेर सांगशील त्यांना?"

त्यांना कळणारच नाही, मी पुटपुटले. तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंत. रागावला होतात की नाही, अजून कळलेलं नाही. "हे बघ, हजेरी लावायला मला एक मिनिट लागेल. पण मग उद्या त्या एकोणपन्नास जणांत तू कुठल्या तोंडाने बसशील? त्यांना कळणार नाही म्हणतेस, तुला तर कळेल ना. जा, डबा खा. तू इथे आलीच नाहीस."

मला तुमचा इतका संताप आला होता, बाई. तुमचं काय जातंय, असं मनात म्हणत मी जिना उतरले. तिसऱ्या दिवशी तुम्ही हेडमास्तरांना आणि गणिताच्या सरांना आमच्यासमोर उभं केलंत आणि खेळाचा एक तास परत मिळवून दिलात. मुलांनी मला उचलून घेतलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मी तुमच्याकडे बघायचं टाळलं. जूनमध्ये तुम्ही कोणा पास झालेल्या मुलीची जुनी पुस्तकं, तपकिरी कागदाची नवी कव्हरं घालून, माझ्या हातात दिलीत. "तोंड वाकडं करून घेऊ नकोस, पुस्तकं आहेत, एरंडेल नाही." मी घेतली आणि थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. पुढे शिक्षिका झाले तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडे गिरगावात आले. तासभर बसले, पण विषय निघाला नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, मैदान आहे ना अजून, की त्यावर पण काही बांधलं? मी म्हटलं आहे. तुम्ही म्हणालात, मग मुलांना पळू दे त्यावर, राजकारण म्हणजे शेवटी मैदान कोणाला मिळतं हेच.

बाबांचा संप मिटला नाही, नुसता विरत गेला. ते गिरणीत परत गेलेच नाहीत, पुढे प्रभादेवीला एका बिल्डिंगवर वॉचमन झाले. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती. गणपतीत, बारशाला, लग्नाच्या पंगतीत, कोणी गिरणीचा विषय काढला की ते मान ताठ करून म्हणायचे, "गिरणगावात त्या वर्षाक एकच संप यशस्वी झालो, आणि तो माझ्या चेडवाचो." लोक हसायचे, तेही हसायचे, आणि मग मला पुढे करायचे. मी काय सांगणार होते त्यांना? फुटायला निघालेल्यांत तुमचीच मुलगी पहिली होती, हे?

काल तालमीला बसले होते. नाटुकल्यात माझं काम करणारी मुलगी भायखळ्याहून येते, वडील भाजी मार्केटमध्ये, चुणचुणीत आहे. संवाद सोडून मधेच मला विचारते, "बाई, तुम्हाला जरापण भीती नाय वाटली? सगळं एवढं सरळ कसं काय झालं?" आणि इतक्या वर्षांत कोणी न विचारलेल्या त्या प्रश्नावर मी सगळं सांगून टाकलं. हजेरी, पुस्तकं, मागचा जिना, तुमचा चष्मा. मला वाटलं होतं पोरींची तोंडं उतरतील. कसली उतरतायत. ती म्हणाली, "बाई, मग हा सीन टाकूया ना. नायतर मी नुसती हात वर करून उभीच आहे." आणि लगेच तुमचं काम कोण करणार यावर भांडणं सुरू झाली. आयुष्यभर जपलेलं पाप, आणि पोरींना त्यात चांगला रोल दिसला. मला चक्क थोडा राग आला, मग हसू आलं, आणि मग मी म्हटलं टाका. म्हणजे शनिवारी भाऊ आणि चाळकरी ते बघणार. बघू देत. तुमचं काम चांगलं व्हायला हवं एवढीच काळजी आहे, जिने तुम्हाला घेतलंय ती फार ओरडते.

हे पत्र तुम्हाला कसं पोचणार, ते नकाशाच्या गुंडाळीत घालून घरी नेते. एकच राहिलं. तालीम संपल्यावर ती मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "आणि तुमच्या बाबांना सांगितलं तुम्ही?" मी म्हटलं, हो, शेवटच्या आजारपणात सांगितलं, आणि ते हसले. ती खूश होऊन गेली. मी खोटं बोलले, बाई. शेवटच्या दिवसांत ते इथेच परळला हॉस्पिटलमध्ये होते, रोज सलाईन लावायला येणाऱ्या नर्सला ती गोष्ट सांगत होते, आणि मी शेजारी बसून मान हलवत होते. त्यांना सांगितलं नाही, आणि पुन्हा वेळ आली तरी सांगणार नाही.