मागचं चाक काहून घासते

प्रिय इरा,

अक्षर पाहून पत्र फाडू नको. अक्षर तुझ्या बापाचं आहे, बोलणं माझं आहे. मी खाटेवर बसून सांगून राहिले आणि तो खाली चटईवर मांडी घालून लिहून राहिला. चष्मा नाकावर, मान खाली. त्याच्या शाळेच्या दिवसांनंतर इतका शहाण्यासारखा बसलेला मी त्याला आजच पाहिला. मी 'मले' म्हणते, तो 'मला' लिहितो, तेवढं त्याला माफ आहे. बाकी काही बदलायचं नाही असं ठरलं आहे. मला वाचता येत नाही हे खरं, पण मी काही भोळी नाही. एक पान झालं की तुझी आई मीनल स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि मला वाचून दाखवते. नवरा लिहिणार, बायको वाचणार, म्हणजे लबाडीला जागा नाही. तरी पहिल्याच पानावर त्याने करून पाहिली. मी सांगितलं होतं, 'तुझ्या बापाने तुझ्यावर आळ घेतला.' मीनलने वाचलं, 'आपल्यात थोडा गैरसमज झाला.' मी ते पान टाकून दे म्हटलं नाही. त्यावर काट मारून खाली खरं लिहायला लावलं. ती काट तुला दिसत असेल. राहू दे, चांगली दिसते.

तू म्हणशील, आजी, फोन काहून नाही केला. फोन तर रोजच होतो. तू आईशी बोलतेस, जेवली का, विनीताआत्याची कंबर कशी आहे, उरल्याच्या कारखान्यांच्या धुळीने खोकला आला. मग मला फोन देतात आणि मी तुला विचारते की फाटकावर बसून ट्रकांच्या पावत्या फाडताना एखादा बरा पोट्टा दिसला का. तू हसतेस, संपलं. कासवाचं नाव तू काढत नाहीस, मीही काढत नाही. फोनवरचं बोलणं बोलता बोलता उडून जातं. हे मला कागदावर पाहिजे होतं, आणि याच माणसाच्या हाताने पाहिजे होतं.

आधी घरचं सांगते. तुळशीजवळचा कढीपत्ता पुन्हा फुटला. तुझ्या आईने संक्रांतीला तिळाच्या वड्या केल्या, दगड झाल्या, पण आम्ही तिला काही बोललो नाही. तुझा डबा अजून फडताळात तसाच आहे. कोहळ्याच्या वड्या मात्र यंदा छान वाळल्या. शेजारची भावना म्हणाली, आजी, आमची रखिया बडी, म्हणजे हीच कोहळ्याची वडी, हवेने उडून अर्धी अंगणात गेली, तुमचं कापड कसं जागचं हललं नाही. मी म्हटलं, आमच्या घरात सगळे हट्टी आहेत, कापडसुद्धा. या वड्यांचं मी पुढे पुन्हा सांगणार आहे, लक्षात ठेव.

आता कासवाचं. ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या त्या गवतकापणीच्या यंत्राला, त्या रोटरी कटरला, कासव हे नाव तूच दिलंस. पाठ तशीच आहे त्याची. मोठी लोखंडी परात पालथी घालावी, तिच्या पोटात पाती गरगर फिरावी, आणि परातीची मागची कड जमिनीला टेकू नये म्हणून शेपटीला एक छोटं चाक. दोन पायांच्या लोखंडी चिमट्यात बसवलेलं ते चाक घासायला लागलं आणि आपलं घर दोन जागी झालं.

दिवाळीनंतर अभनपुरच्या आंब्याच्या बागेत तू गवत कापायला गेली होतीस. दुपारी परत आलीस ती चेहरा उतरवूनच. चाक किर्र करून राहिलं होतं, चिमट्याच्या डाव्या पायावर काळा भुगा साचला होता, आणि जळक्या रबराचा वास आपल्या अंगणापर्यंत आला. माझा श्रीपाद, तुझा बाप, पायरीवर उभा होता. त्याने खाली उतरून बघितलंसुद्धा नाही. रिव्हर्स घेताना बांधाला ठोकलं असशील, चिमटा वाकवलास, असं तो तिथूनच म्हणाला. तू म्हणालीस, ठोकलं नाही. तू म्हणालीस, आठ दिवसांपूर्वी मी चाक खोलून ग्रीस भरलं तेव्हा दोन वायसर होते, चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड कडी, आणि परत बसवताना एकच सापडली. तेव्हाच मी तुम्हाला विचारलं होतं बाबा, तुम्ही म्हणालात एकच होती, बसव. यावर तो म्हणाला की यंत्र मी आणलं, मला माहीत आहे, एकच होती.

इथे तो लिहायचा थांबला आहे. लिही रे. पाणी पाहिजे का. पाणी पिऊन लिही.

तो बोलला ते तू सोसलं असतंस, मला माहीत आहे. बापाशी भांडायला तू पाळण्यापासून तयार आहेस. तुला लागलं ते माझं. मी तिथे सुपारी कातरत बसले होते आणि मला गंमत सुचली. मी म्हटलं, हिच्या मोजण्याचं काही सांगू नका, लहानपणी चार पुरणपोळ्या खाऊन दोनच खाल्ल्या म्हणायची. सगळे हसले. वेल्डिंगवाला पांडुरंगही हसला, तो चहाला आला होता. तू पण हसलीस, आणि हसता हसता तुझं तोंड कसंतरी झालं. मग तू हळूच म्हणालीस, असेल, एकच असेल, माझंच चुकलं असेल. पाना तू खोक्यात ठेवलास, झाकण लावलंस, आणि पाच दिवसांनी रायपूरला, तात्यापाऱ्यातल्या आत्याकडे राहायला गेलीस. तेव्हापासून तू यंत्राला हात लावला नाहीस. मी आयुष्यभर लोकांना टोमणे मारले, पोट्टे, पण कोणाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

तू गेल्यावर इकडे काय झालं ते ऐक, तुला हसू येईल. श्रीपादने चिमटा काढून पांडुरंगकडे नेला. पांडुरंगने दोरी लावून पाहिली आणि म्हणाला, भैया, हा तर सरळ आहे. श्रीपाद म्हणाला, तापव. त्या बिचाऱ्याने सरळ चिमटा तापवून ठोकला आणि आणखी सरळ करून दिला. बसवला, चाक घासलंच. मग याने ठरवलं की चिमटा ज्या उभ्या दांड्यावर वळतो तिथला बुश, ती आतली नळी, झिजला. बुश बदलला. चाक घासलं. मग चाकच खराब म्हणून नवं आणलं. बागेच्या दोन फेऱ्यांत नव्या चाकाच्या डाव्या गालावर तसाच काळा पट्टा. तेव्हा तो अंगणात कासवासमोर असा बसला होता की जसं कोणी वारलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, सरक, मला बघू दे.

मी काही त्यातली जाणकार नाही. पण मी वीस वर्षं जातं ओढलं आहे. जात्याची वरची पाळू घासायला लागली की घरची बाई दगडाला शिव्या देत नाही, कुठे घासते ते आधी बघते. मी माझ्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि चाकाच्या डाव्या अंगावर चार ठिकाणी टिकल्या लावल्या. मग श्रीपादला चाक हळूहळू फिरवायला लावलं. चाक वाकडं असतं तर एका फेरीत एकाच जागी घासलं असतं, एकच टिकली पुसली गेली असती. पण चारही पुसल्या गेल्या, सारख्या. म्हणजे चाक चांगलं होतं. मग चिमट्याच्या आणि चाकाच्या मधे बोटं घालून पाहिली. उजवीकडे वरपासून खालपर्यंत माझी दोन बोटं जात होती. डावीकडे वरपासून खालपर्यंत नखही जात नव्हतं. चिमटा वाकला असता तर फट वर वेगळी आणि खाली वेगळी दिसली असती. म्हणजे चिमटाही चांगला, तो ठोकण्याच्या आधीपासून चांगला. मग मी तळहाताने चाक उजवीकडे रेटलं. ते लोण्यासारखं सरकलं आणि किर्र थांबलं. मी हात काढला, श्रीपादने ट्रॅक्टर चार पावलं पुढे घेतला, चाक परत डावीकडे जाऊन बसलं. एवढंच दुखणं होतं. चाकाला डावीकडे अडवणारं काही नव्हतं. जात्याच्या खुंट्याला आम्ही चिंधी गुंडाळायचो, तसं तिथे काहीतरी असायला पाहिजे होतं आणि ते नव्हतं.

चहाला आलेला पांडुरंग म्हणाला, माय, तुम्ही तर मेस्त्री निघाल्या. मी म्हटलं, मेस्त्री तात्यापाऱ्यात आहे, मी तिची चिंधी. जागा तुझ्या बापाने ओळखली होती. जी तू दाखवली होतीस तीच. तो म्हणाला, नवा वायसर आणतो. मी 'हव, आण' म्हटलं आणि वर गच्चीवर गेले, दुसऱ्या घाण्याच्या वड्या आवरायला.

आता वड्यांचं. तुझ्या आजोबांच्या जुन्या धोतराचं कापड आहे ना, त्याच्या तीन कोपऱ्यांना दगड बांधले होते. चौथ्या कोपऱ्याला गाठ जरा वेगळी होती. कापड एका जाड लोखंडी कडीतून ओवून घेतलं होतं, कारण दगड सुटतो आणि भोकातून ओवलेलं सुटत नाही. ती हुशारी माझी. तू ग्रीस भरलंस त्या दिवशी पोत्यावर सगळं ओळीने मांडून हात धुवायला गेली होतीस. वारा सुटला होता, माझी वडी उडून राहिली होती, आणि मला ओळीत एक चांगली जड कडी दिसली. मी उचलली. मला वाटलं, भंगार आहे, हिच्याकडे अशा पुष्कळ आहेत. दोन महिने ती कडी गच्चीवर उन्हात होती, सगळ्यांच्या डोक्यावर. जेव्हा मी पायरीवर बसून तुझ्या मोजण्याची थट्टा केली, तेव्हा दुसरा वायसर माझ्याच वडीच्या कापडाला बांधलेला होता. भावनाने कापडाचं कौतुक केलं ते त्याच्या जोरावर.

आणखी एक सांगते, मग माझ्याजवळ काही उरत नाही. ती गाठ बघितल्यावर मी लगेच खाली आले नाही. चार दिवस गप्प बसले. श्रीपादला सांगितलं की नवा आणायची घाई काय आहे, आधी संक्रांत होऊ दे. म्हातारपणी कबूल करायला फार जड जातं, गुडघ्यांपेक्षा जड. संक्रांतीला तुझा तिळाचा डबा फडताळात तसाच राहिला तेव्हा मी श्रीपाद आणि मीनल दोघांना समोर बसवून सांगितलं. मला वाटलं श्रीपाद माझ्यावर ओरडेल, बरं वाटेल. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला की तिने मला विचारलं होतं. मग म्हणाला, आता काय करू. मी म्हटलं, कागद आण.

तर पत्र यासाठी आहे. नरेशकाका उद्या तिकडे रायपूरला येणार आहे, त्याच्या हाती हे देते आहे. सोबत कापडाची पुरचुंडी आहे, तिच्यात तुझा वायसर. मी घासून पुसून ठेवला आहे, वडीचा वास येईल थोडा. चाक मी कोणाला बसवू दिलेलं नाही. चिमटा, चाक, बोल्ट, नट आणि एक वायसर त्याच पोत्यावर तू मांडले होतेस तसे ओळीने आहेत, आणि दुसऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे. तुझ्या आईला सांगितलं आहे की झाडताना पोतं हलवायचं नाही. रविवारी यावंसं वाटलं तर ये. उरल्याची नोकरी आवडत असेल तर तीही कर, फाटकावर बसणं काही वाईट नाही, पण तुला मोजता येत नाही म्हणून तिथे बसू नको. आली नाहीस तरी ती कडी जवळ ठेव, आणि कोणी गमतीनेसुद्धा तुझ्या डोळ्यांवर शंका घेतली तर त्याच्या हातात दे. खाली माझा अंगठा आहे. शाई नव्हती, म्हणून चाकाचं काळं ग्रीस लावलं. त्याच्याखाली एक ओळ मी तुझ्या बापासाठी सोडली आहे. ती मी सांगितलेली नाही, आणि मीनलला वाचायला लावणारही नाही. हे एवढं त्याच्यावर सोडलं.

तुझीच,
पुरणपोळ्या मोजणारी आजी

इरा, दोन होते. खरं म्हणजे मला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे तुझ्यासमोर म्हणता आलं नाही. तू विचारलंस तेव्हा खाली उतरून बघायला पाहिजे होतं. — बाबा