पंधरा सेकंदांचा चौक

शुक्रवार, ७ मार्च
दुपार

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं बरं आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण लक्ष दिलं नाही की आपोआप गप्प बसतो. तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर चालू असतील. चिमणी बारावीत आली म्हणजे घरात पुस्तकांचा पसारा असणार आणि तू त्यावरून रोज बोलत असणार.

दुकान चाललंय. हल्ली काचा तयार घासून येतात, तरी जाड नंबराच्या मी अजून हातानंच कोरून फ्रेममध्ये बसवतो. परवा एक आजोबा नवा चष्मा लावून आरशात बघत बसले आणि म्हणाले, "मी एवढा म्हातारा कधी झालो? जुनाच चष्मा बरा होता." दोघंही हसलो. तुला सांगावंसं वाटलं.

चार वर्षांत मी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्हींत हवापाण्यापलीकडे काही नव्हतं. फोनवर तू "हं" म्हणतोस आणि पुढचं सगळं मी गिळून टाकतो. म्हणून आज शटर अर्धं खाली ओढून लिहायला बसलोय. हे पत्र लांबणार आहे, दादा. मध्येच ठेवून देऊ नकोस.

गेल्या महिन्यात चिमणीचा फोन आला होता. तुला न सांगता केला होता, तिला रागावू नकोस. म्हणाली, "काका, मला कॉलेजला सायकलनं जायचंय. बाबा नाही म्हणतात. म्हणतात, तुझी आई घाईघाईत गेली आणि तू तिच्यावरच गेली आहेस." मग तिनं विचारलं, "काका, आई खरंच लाल दिवा असताना घुसली होती का?"

मी म्हटलं, "दुकानात गिऱ्हाईक आहे बेटा, नंतर बोलतो."

दुकानात कुणी नव्हतं.

वहिनी सायकल शिकली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. तुझा विरोध होता. "या वयात हात-पाय मोडून घेतलेस तर रक्ततपासणीला येणाऱ्यांच्या नसा कोण शोधणार?" असं तू म्हणाला होतास. त्यावर ती म्हणाली होती, "दोन बस बदलून रोज तास-दीड तास उभी राहते, तेव्हा काय मोडत नाही का?" खरं तर सायकल घे म्हणून तिच्या मागे मीच लागलो होतो. तिची प्रयोगशाळा माझ्या दुकानापासून दोन चौक पुढे. मी वीस वर्षं तोच रस्ता सायकलनं जात होतो. म्हटलं, "वहिनी, पंचवीस मिनिटांत पोहोचशील. मी आहे ना बरोबर."

शाळेच्या रिकाम्या मैदानावर महिनाभर शिकवलं तिला. काय आरडाओरडा करायची! समोर खांब दिसला की खांबालाच ओरडायची, "अरे, सरक ना बाजूला!" हँडल वेडंवाकडं गेलं की म्हणायची, "भाऊजी, हे अगदी तुमच्या दादांसारखं आहे. मी डावीकडे म्हटलं की हे उजवीकडे." आणि घंटी! रस्ता मोकळा असला तरी वाजवायची. मी विचारलं, कुणासाठी वाजवतेस? म्हणाली, "मी येतेय हे मलाच कळायला नको का?"

ती नियमानं जायला लागली, तशा प्रयोगशाळेतल्या आणखी तिघी यायला लागल्या. तिनं साहेबांच्या मागे लागून जिन्याखालची अडगळ काढून घेतली आणि तिथे सायकली लावायला दांडा बसवून घेतला. तिथे आता अकरा सायकली असतात. मी गेल्या आठवड्यात मोजून आलो. हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू त्या बाजूला कधी फिरकलाच नाहीस, आणि मग शहरच सोडलंस.

आता चौकाचं सांगतो. माझ्या दुकानासमोरचाच तो, म्हणजे तुला माहीत आहे. पण सायकलवरून तो कसा असतो ते तुला माहीत नाही. आपल्या बाजूचा हिरवा दिवा पंधरा सेकंदांचा होता. कडेला सायकलला जागा नाही, तिथे गाड्या लावलेल्या असतात, त्यामुळे सायकलवाला सिग्नलला मागे कुठेतरी अडकून उभा राहतो. दिवा हिरवा झाला की आधी पुढच्या गाड्या हलणार, मग बस हलणार, आणि मग तो पेडल मारणार. तोवर सात-आठ सेकंद गेलेले असतात. उरलेल्या वेळात एवढा रुंद चौक ओलांडायचा. मला सवय होती, मी निघून जायचो. नवख्या माणसाचं ते काम नव्हे.

हे सगळं मी घड्याळ लावून मोजलंय. वहिनी गेल्यावर. पाच-सहा रविवार सकाळी तिथेच उभा होतो.

रविवार, ९ मार्च

परवा इथवर लिहिलं आणि खरोखरच गिऱ्हाईक आलं. काल पत्र उघडलंच नाही. दुकानाच्या काचा पुसल्या, फ्रेमांचे खण लावले, नको ती कामं केली. आज लिहून संपवतो.

महापालिकेनं आपल्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी लेन करायचं काढलंय. कठडा घालून, चौकात सिग्नल वाढवून. त्याची मंगळवारी सुनावणी होती. व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुम्ही चौकातले जुने दुकानदार. लेन झाली तर गिऱ्हाइकांनी गाड्या कुठे लावायच्या ते तुम्हीच विचारा. आणि तुम्ही स्वतः सायकलवाले, म्हणजे तुमचं वजन पडेल." मी मान हलवली होती. हो म्हटलं की नाही, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

सभागृहात शंभरएक माणसं होती. लेनचा आराखडा केलेली इंजिनियर बाई उभी राहून समजावत होती. तिशीची असेल, आवाज बारीक, पण नकाशा तोंडपाठ. तिनं आपल्या चौकातल्या अपघाताचा उल्लेख केला. नाव घेतलं नाही, "प्रयोगशाळेतल्या एक बाई" म्हणाली. तेव्हा अध्यक्ष उठले. त्यांच्या हातात पोलिसांच्या कागदाची प्रत होती. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सायकलस्वार स्त्रीने लाल दिवा असताना चौक ओलांडण्याचा प्रयत्न केला." आणि म्हणाले, "रस्त्याचा काय दोष? नियम मोडला, जीव गेला. अशांसाठी आम्ही आमची दुकानं बंद करायची?"

मागून कुणीतरी हसलं. फार मोठ्यानं नाही. पण हसलं.

दादा, ते वाक्य माझ्या जबाबातलं आहे. खाली माझी सही आहे.

मी उठलो. समोरची खुर्ची घट्ट धरून मी म्हटलं, "हे खोटं आहे. हे मी लिहून दिलं होतं. ती हिरव्यातच निघाली होती. मी पुढे होतो आणि मीच तिला बोलावलं."

कसं झालं ते आता तुला सांगतो, जसंच्या तसं.

त्या सकाळी आम्हाला उशीर झाला होता, तोही माझ्यामुळे. माझ्या चाकात हवा कमी होती. सिग्नलला आम्ही बसच्या मागे अडकलो. दिवा हिरवा झाला, बस निघाली, मी निघालो. वहिनी जरा दबकत होती. मी अर्ध्यात होतो तेव्हा मागून तिचा आवाज आला, "भाऊजी, येऊ का?" मी दिव्याकडे पाहिलं, हिरवा होता. मी पुढे बघतच ओरडलो, "ये, ये, हिरवाच आहे!" मागे वळून ती किती लांब आहे ते पाहिलं नाही. तो हिरवा संपत आलाय, एवढं वीस वर्षांच्या सवयीनं मला कळायला हवं होतं. मी पलीकडे टेकलो आणि दिवा बदलला. आडव्या रस्त्यावरून ट्रक सुटला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बसच्या आडोशामुळे त्याला ती दिसलीच नाही. त्याचाही दिवा हिरवा होता, त्या बिचाऱ्यालाही मी दोष देत नाही. ती चौकाच्या मधोमध होती. माझ्या सांगण्यावरून.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू धावत आलास. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं, हे मला का आठवतंय कुणास ठाऊक. तू माझे दोन्ही खांदे धरून विचारलंस, "तू तिला बोलावलंस का रे?" आणि मी म्हटलं, "नाही. मी पुढे गेलो होतो. ती मागून आली, लाल झाल्यावर."

एवढंच. विचार करून बोललो नव्हतो. तुझा चेहरा बघून तोंडातून निघून गेलं. मग संध्याकाळी पोलीस आले, तेव्हा तुला सांगितलं तेच त्यांना सांगावं लागलं. हवालदारानं लिहिलं, मी सही केली. त्यानंतर प्रत्येक दिवशी वाटायचं, आज सांगू. तेराव्या वर्षी आई गेलेल्या त्या पोरीकडे बघितलं की वाटायचं, आता नको. मग तू ट्रंका बांधल्यास. स्टेशनवर तू मला म्हणालास, "किती वेळा सांगितलं होतं तिला, घाई करू नको. ऐकलं नाही तिनं. पोरीचा तरी विचार करायचा." मी तुझ्या ट्रंका डब्यात चढवून दिल्या.

मी तुझी बायको तर नेलीच. वरून तुला तिच्यावर रागावायला लावलं. चार वर्षं तू तिच्या फोटोसमोरसुद्धा नीट बसला नसशील. हे माझ्या हातून झालंय.

सुनावणीनंतर ती इंजिनियर बाई दारात भेटली. मला वाटलं, चार शब्द सुनावेल. तिनं फक्त विचारलं, "पंधरा सेकंद तुम्ही स्वतः मोजलेत का? लिहून द्याल?" मी रविवारची टिपणं तिच्या हवाली केली. गुरुवारी सिग्नल तीस सेकंदांचा झाला. एका माणसानं शिडी लावून पेटी उघडली, काहीतरी फिरवलं आणि पंधरा मिनिटांत गेला. मी दुकानातून बघत होतो. चार वर्षांपूर्वी त्याला तेवढीच पंधरा मिनिटं लागली असती, असं मनात आलं, आणि मी आत जाऊन बसलो.

लेन मंजूर झाली, पण एकाच बाजूची, तीही चौकापर्यंतच. पलीकडच्या दुकानदारांनी आपली बाजू सोडवून घेतली. माझ्याशी आता कुणी बोलत नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं चहाला हाक मारणं बंद केलंय. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

बुधवारी पोलिसांकडे जाऊन जबाब बदलून आलो. खोटा जबाब दिला म्हणून माझ्यावर काय करायचं ते ठरवून कळवणार आहेत. जे होईल ते भोगीन. नव्या जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. पहिल्यांदा तीच वाचलीस तरी चालेल.

चिमणीला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते आधी तुला कळायला हवं होतं. तिला सायकल घेऊन द्यायची की नाही, ते तू ठरव. त्यात तोंड घालायचा हक्क मी गमावलाय. पण आईचं नाव सांगून तिला अडवू नकोस. तिच्या आईनं कसलीही घाई केली नव्हती. उलट मागून विचारलं होतं, येऊ का म्हणून.

अजून एक राहिलंय. हे सुनावणीत सांगितलं नाही, पोलिसांना सांगितलं नाही. तू हॉस्पिटलला येण्याआधी रस्त्यावर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. ती शुद्धीवर होती. तिनं मला विचारलं, "भाऊजी, हिरवाच होता ना?"

मी म्हटलं, "हो वहिनी. हिरवाच होता. तुझं काही चुकलं नाही."

तिनं मान हलवली. तिचं समाधान झालं असावं. तेवढं खरं मी तिच्याशी बोललो, दादा. आणि तासाभरात तुझ्याशी खोटं बोललो.

पत्राचं उत्तर आलं नाही तरी मी समजेन. दर वेळी शेवटी तुझा आशीर्वाद मागतो, तो या वेळी मागत नाही. तुझं वाचून झालं की पत्र चिमणीच्या हातात दे, एवढंच मागतो.

धाकटा