मागच्या ओळीतला डबा

मी, केवळाबाई धोंडिबा बिरादार, वय सत्तरच्या पुढे, धंदा घरकाम, मूळ राहणार उदगीर, सध्या मुक्काम अजमान, मुलगा सतीश याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आज हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने, कोणाच्या दाबाखाली न येता, कोणतेही नशापाणी न करता लिहून ठेवते.

शाळा मी दुसरीपर्यंत शिकले. हे शब्द खरेदीखतांतून पाठ झाले. माझ्या नवऱ्याने एकेक करून सगळी शेते विकली, आणि प्रत्येक कागदावर "नशापाणी न करता" असे लिहून, चिलीम बाजूला ठेवून सही केली. या घराण्यात ते शब्द पहिल्यांदा खरे होत आहेत.

कलम १. उदगीरचे घर, दोन खोल्या, वर पत्रे, पुढे अंगण. हे माझ्या भावाने माझ्या नावावर करून दिले म्हणून वाचले. ते मी नात श्रिया हिला देते. सतीशला देत नाही. कारण कलम ३ मध्ये आहे.

श्रियाला मी सांगितले तर ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "आजी, व्हॉट विल आय डू देअर?"

"बसशील," मी म्हटले. "माणसाला बसायला स्वतःची जागा लागते."

कलम २. माझी बोरमाळ सून अपर्णा हिला. माझ्या भाकरीला पुठ्ठा म्हणाली ते मी विसरलेले नाही. पण मला ताप होता तेव्हा शारजाच्या ऑफिसात रजा टाकून तिने मला न्हाऊ घातले, तेही विसरलेले नाही. बोरमाळ मोडून नवीन डिझाइन करू नये. केलीच तर मला दिसणार नाही, एवढेच.

कलम ३. कारण.

सतीश लांब अबुधाबीकडे, मुसफ्फाला वर्कशॉपमध्ये फोरमन आहे, तिथेच राहतो. गुरुवारी रात्री येतो, शुक्रवारी संध्याकाळी जातो. अपर्णा पहाटे निघते, रस्त्याला गर्दी असते म्हणून. श्रिया शाळा, मग ट्यूशन, मग कानात वायर. दिवसभर घरात मी आणि एसी. एसी तरी घुरघुरतो. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी भिंतीशी बोलायचे. दुसऱ्या वर्षी तेही सोडले.

मग एका शुक्रवारी सतीश जेवताना म्हणाला, "आई, बाल्कनीत अंबाडी लाव की. तुझ्या हातची भाजी खाऊन किती दिवस झाले."

पोराने मला काही मागितले त्याला जमाना झाला होता. गावाकडून आणलेले बियाणे माझ्या ट्रंकेत होते. तेलाचे रिकामे डबे खैरुद्दीन वॉचमनने आणून दिले, खाली खिळ्याने भोके पाडली, माती सतीशने आणली. ऑक्टोबरात पेरले. ऊन इथे भाजून काढते, म्हणून दुपारी डब्यांवर जुने लुगडे धरायचे आणि दोन वेळा पाणी. रोपांशी मी बोलायला लागले. बाल्कनीच्या भिंतीपलीकडे रत्नागिरीची शहनाझ राहते. तिला वाटे माझ्याकडे पाहुणे आले आहेत.

रोपे वीतभर झाली तेव्हा सतीशने आणखी बी आणले. म्हणाला, "ही पण अंबाडीच, हायब्रीड." मागच्या ओळीतल्या डब्यात त्याने स्वतः टोचले. पोराला नाद लागला म्हणून मला बरे वाटले. त्या डब्याला मी हात जरा सढळ ठेवला.

लांबून दोन्ही पाने सारखीच, पंजा पसरल्यासारखी. अपर्णाला फरक कळला नाही, तिने आयुष्यात भाजी पिशवीतच पाहिली. पण अंबाडीच्या दांड्याला बारीक काटा असतो, पान चावले की दात आंबतात. याला काटा नाही. पान चावले तर कडू, बोटे चिकट. आणि वास. तो वास मी पस्तीस वर्षे धुतला आहे, नवऱ्याच्या सदऱ्यातून. तो गांजा होता.

शुक्रवारी मी त्याला बाल्कनीत गाठले.

"सतीश, तुझ्या हायब्रीडला तुझ्या बापाचा वास येतो."

"आई, हळू बोल."

"इथे यासाठी जन्मभर आत टाकतात. तुला माहीत नाही?"

"झोप लागत नाही गं मला. कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत आठजण, रात्रभर घोरतात. आणि अंबाडीत कोण बघतंय? बघितलंच तर सांग, माझी गावाकडची भाजी आहे. तू म्हातारी बाई, तुला कोण काय करणार?"

तेव्हा मला कळले की त्याला भाजी कधी नको होती. आडोसा हवा होता. पुढच्या ओळीत अंबाडी, आणि अंबाडीच्या पुढे मी.

मी काढून टाक म्हटले. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात. असे दोन-तीन शुक्रवार गेले.

मागच्या मंगळवारी शहनाझ भिंतीवरून वाकून म्हणाली, "आजी, तुमच्या मागच्या डब्यात काय आहे ते मी विचारत नाही. पण उद्या एसीवाले सगळ्यांच्या बाल्कनीत येणार आहेत, नोटीस लागली आहे खाली. यल्ला, उठा."

मी उठले. ते झाड मुळासकट काढले. त्याचे काय केले ते लिहीत नाही, मेल्यावरही कोणी विचारायला येईल. मग विळी घेऊन माझी अंबाडीही कापली, सगळी. ज्याला फरक कळत नाही त्याच्यापुढे एक काडीही ठेवून चालत नाही. पहिल्या दोन बोंडांचे बी पिकले होते, तेवढे पदराला बांधले. कोवळ्या पानांची भाजी केली, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. घरी कोणी नव्हते. वाटीभर शहनाझला दिली, उरलेली एकटीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी एसीवाले आले, पंखा झाडला आणि गेले.

गुरुवारी सतीश आला. बूट न काढता बाल्कनीत गेला. रिकामे डबे पाहिले. मी मागे उभी होते.

"माझं झाड कुठंय?" म्हणाला.

पहिला शब्द तो. मी त्याला तिकीट काढायला सांगितले. त्याने वाद घातला नाही. बुधवारी माझे विमान आहे.

कलम ४. सगळे डबे, माती आणि खुरपे शहनाझला. तिने पुदिना लावावा. मी ते आत्ताच तिच्या बाल्कनीत सरकवले आहेत, कारण मी गेल्यावर या बाल्कनीत आडोशाला म्हातारी नसेल. मग अपर्णाचे नाव पुढे होईल, नाहीतर श्रियाचे. फ्लॅटचा भाडेपट्टा अपर्णाच्या नावावर आहे. तिला हे माहीत असावे.

कलम ५. मी उदगीरला मरेन. तिथेच जाळावे. अग्नी सतीशने द्यावा, सुट्टी मिळाली तर. रडण्याची सक्ती नाही.

कलम ६. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडायचे नाही. येत्या गुरुवारी सतीश आला, जेवला, की अपर्णाने त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे. सगळे, कलम ३ सुद्धा. तोवर मी उदगीरला पोचले असेन.

कलम ७, शेवटचे. राहिले पदराला बांधलेले अंबाडीचे बी, आणि उदगीरच्या घरात सतीशला जन्मभर राहू देण्याचा हक्क. हे दोन्ही मी अजून कोणाला दिलेले नाही. वाचून झाल्यावर सतीशच्या तोंडून पहिला प्रश्न काय निघतो, तो अपर्णाने मला फोनवर कळवावा. झाडाबद्दल, घराबद्दल किंवा हे कोणाकोणाला कळले याबद्दल असला, तर त्याला त्या घराचा उंबरा नाही, आणि बी माझ्याबरोबर जळू दे.

"आई पोचली का" असे विचारले, तर दोन्ही त्याचे. बी मी अंगणात पेरून ठेवीन. भाजीला त्याने यावे.

शुक्रवारी दिवसभर मी दुकानातल्या फोनपाशी बसेन.

सही: केवळाबाई धोंडिबा बिरादार (अंगठा नाही, सही येते)

साक्षीदार:
१. शहनाझ, शेजारीण. तिला मराठी वाचता येते, पण माझ्या सांगण्यावरून फक्त सहीची जागा पाहिली.
२. खैरुद्दीन, बिल्डिंगचा वॉचमन. त्याला मराठी येत नाही. "अम्मा, सब ठीक है ना?" एवढे विचारून त्याने सही केली.

ठिकाण: अजमान
तारीख: १० फेब्रुवारी २००१