महाराजांचं उष्टं

प्रिय ओक्दानताई,

हे पत्र परत पाठवू नकोस. याआधीची सगळी तू न उघडता परत धाडलीस, आणि मासेवालीने ती माझ्या हातात ठेवताना असं तोंड केलं, जणू तिचा नासका मालच परत आलाय. या वेळी तिला बजावून पाठवलंय, की ताईने पत्र फोडल्याशिवाय तिच्या ओट्यावरून हलायचं नाही. तेव्हा ती बसली असेल तुझ्यासमोर पाय पसरून. तिला घोटभर गरम पाणी दे आणि वाच. महाराजांबद्दल तुझ्या मनात जी अढी बसली आहे, ती मला काढायची आहे. आजच काढायची आहे. उद्यापर्यंत थांबायचं बळ माझ्यात नाही.

सकाळपासून माझं कशात लक्ष नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली. अंगणातल्या सोयाच्या रांजणांची झाकणं उघडली, लावली, परत उघडली. राजवाड्याच्या चुली थंड आहेत आणि माझ्या हाताखालच्या धाकट्या पोरी केस मोकळे सोडून भिंतीला टेकून बसल्यात. एरवी मी त्यांना लाटण्यानेच उठवलं असतं, आज तशाच बसू दिल्या. तुझ्यापुढे मी महाराजांना सरळ ‘तो’ म्हणणार आहे. इथे दरबारासारखं शेजारी बसून लिहून घेणारं कुणी नाही.

तुला आठवतं, तुझ्या दुधावर वाढलेल्या त्या अकरा वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं तेव्हा टोपी कानांवर उतरत होती, म्हणून तू आत कापसाची घडी घातलीस? पडद्यामागून आजीसाहेब बोलायच्या, पडद्यापुढे हा मान हलवायचा. राज्य त्यांचं, मान तेवढी याची. त्याच्या स्वतःच्या हुकमतीत एकच गोष्ट होती, ती म्हणजे समोरचं ताट. बारा पदार्थ जायचे, आधी मी चाखायची, मग तो खायचा आणि उरेल ते आम्हा बायकांच्या पंगतीला यायचं. एकदा त्याने वाडगे अगदी लख्ख केले तेव्हा तू हसत म्हणालीस, “राजा, मांजरासारखं चाटूनपुसून ठेवू नकोस रे. तुझं उरतं तेच आमचं जेवण.” तू थट्टेत म्हणालीस. त्याने ते मनाला लावून घेतलं.

तेव्हापासून ताटात चांगलंचुंगलं उरायला लागलं. खारवलेल्या पिवळ्या माशाचा पोटाकडचा भाग तुला आवडतो, तो तसाच्या तसा. चेस्टनट घातलेल्या मांसाचे मोठे तुकडे मला. आम्ही म्हणायचो, काय नशीब बाई आपलं! तिकडे राजवैद्य मात्र ताटं बघून हादरले. नाडी धरली, जीभ पाहिली, भूक मेली आहे म्हणाले आणि पोटावर औषधी पाल्याचे निखारे ठेवून डाग द्यायला लागले. मंत्र्यांना तर हवंच होतं. ज्याला ताट संपवता येत नाही तो राज्य काय सांभाळणार, पडदा अजून वर्षभर राहू द्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आणि हा पठ्ठ्या दातओठ खाऊन डाग सोसत होता, पण कुणाला एक शब्द सांगत नव्हता.

अंघोळ घालताना तुला ते डाग दिसले. तू विचारलंस तर म्हणतो कसा, “मासा तुला आवडतो ना?” मी पाणी घेऊन दारातच होते. तू आधी रडलीस, मग एवढी भडकलीस की त्याचा कानच धरलास. “आमची पोटं आम्ही बघू! तू तुझं राज्य बघ! उद्यापासून एक शीत ठेवलंस तर याद राख!” राजाच्या अंगाला लोखंड लागू देत नाहीत, आणि तू कान पिळत होतीस. तोही कान चोळत म्हणाला, “दुखतंय गं, सोड ना.”

दुसऱ्या दिवशी सगळ्या मंत्र्यांसमोर त्याने बाराच्या बारा पदार्थ संपवले, रस्सासुद्धा. वर वैद्यांना विचारलं, “अजून आहे का?” त्या दिवशी आम्ही सगळ्या उपाशी राहिलो आणि पोट धरून हसलो. महिनाभरात पडदा उठला. पंधराव्या वर्षी तो खरा राजा झाला, आणि ताई, तो तुझ्यामुळे झाला.

मग तो मेला दुष्काळ आला. भाताची रोपं वाफ्यातच करपली. मंत्री म्हणाले, राजवाड्यात कोंडलेल्या बायकांचे तळतळाट आभाळाला लागतात, काहींना घरी सोडा म्हणजे पाऊस पडेल. असं नेहमीच करतात. म्हाताऱ्या, आजारी अशा बायकांची नावं दरबारात वाचली जात होती. ती संपली तेव्हा महाराजांनी दाराशी उभ्या असलेल्या तुझ्याकडे बोट केलं. “ही दाई पण. हिचे हात थरथरतात, दिवसा पेंगते. मला हिचा काही उपयोग नाही.” चाळिशीसुद्धा धड न ओलांडलेली तू! आजवर राजाच्या दाईला कुणी सोडलेलं ऐकलंय का? तू पांढरीफटक पडलीस. त्याने दिलेलं रेशीम उंबऱ्यावर टाकलंस, वाकून नमस्कारसुद्धा केला नाहीस. त्याने पाहिलं ते. मी त्याच्याकडेच बघत होते.

आता जे तुला ठाऊक नाही ते ऐक. त्याच दिवशी सकाळी चौकशीचा अधिकारी आमच्या स्वयंपाकघरात आला होता. न्हाणीघराबाहेर आजीसाहेबांची एक दासी उभी होती, तिने कान धरलेला पाहिला होता. अधिकारी विचारत होता, महाराजांच्या अंगावर हात कुणी टाकला? मी म्हटलं, “माशी बसली असेल कानावर.” तो हसला नाही. तक्रार दुसऱ्या दिवशी दरबारात येणार होती, याची कुणकुण त्यालाही लागली होती, आणि त्या गुन्ह्याला काय मिळतं हे तुला सांगायला नको. विषाचा पेला, तोही नशीब बरं असेल तर. नुकता पडदा उठलेला पोरगा अख्ख्या दरबारासमोर कायदा कसा मोडणार होता? पण पावसासाठी सोडलेल्या बाईला कुणी परत ओढून आणत नाही. आभाळाला दिलेलं काढून घेतलं तर आभाळ कोपतं, हे त्या मंत्र्यांना त्याच्यापेक्षा पक्कं ठाऊक. म्हणून त्याने तुला सोडलेल्यांत घातलं. आणि तुला खूण तरी कशी करणार होता? डावीकडे एक लेखनिक, उजवीकडे एक, त्याचा शब्दन् शब्द टिपून घेणारे. तू पेंगतेस हे त्यांनी अगदी निष्ठेने लिहून ठेवलंय.

तुला धाडलेलं पहिलं पत्र परत आलं तेव्हा मीही त्याच्यावर चिडलेलीच होते. ताट मांडताना पुटपुटले, “ताईने पत्र फोडलंसुद्धा नाही.” त्याने लेखनिकाकडे एक नजर टाकली, चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, “रागावू दे. रागावतं ते माणूस जिवंत असतं.” लेखनिकाने वाक्य उतरवून घेतलं. कुणाबद्दल ते त्याला कळलं नाही. मला कळलं, आणि हातातलं झाकण पडलं.

आजीसाहेबांच्या हयातीत यातलं अक्षरही लिहिणं म्हणजे तुझाच जीव धोक्यात घालणं होतं. त्या मागच्या हिवाळ्यात गेल्या. मी लगेच शाई घोटायला घेतली, तर त्यानेच अडवलं. “मालगुम, तू नको. उन्हाळ्यात मी गरम झऱ्यांवर जातोय. वाट तिच्या चुंगजूवरून आहे. माझं मी सांगेन, आणि कान पुढे करेन.” एकोणीस वर्षांचा राजा, उत्तरेतल्या उपाशी गावांना कोठारं उघडून देणारा, बड्या बड्या सरदारांना घाम फोडणारा, आणि हे सांगताना खुदकन हसला. तुझ्यासाठी काय काय न्यायचं ते मला रोज विचारायचा. मासे तर हवेतच, म्हणायचा.

मग पाठीवर गळू आलं. आधी सुपारीएवढं, मग मुठीएवढं. ताई, कुणी हात लावेना! वैद्य लेप लावत होते, जळवा लावत होते, एकमेकांकडे बघत होते. सुरी चालवायची तर लोखंड, आणि लोखंड त्या अंगाला लावायचं नाही. मी म्हटलं, अहो, मी कोंबड्या सोलते, द्या इकडे ती सुरी. मला बाहेर काढलं. तू असतीस तर कुणाला न विचारता सुई तापवून ते फोडलं असतंस, वर त्याला दोन शब्द सुनावले असतेस. चार वर्षं त्याच्या अंगाला मायेने कुणी हातच लावला नव्हता गं. अंगरखा घालायचे तेही चिमटीने.

काल दुपारी तो गेला. मंत्री नवा राजा शोधायला धावलेत, आमच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. रिवाजाप्रमाणे गेलेला जीव परत बोलवायला खोजा त्याचा अंगरखा घेऊन छपरावर चढला, उत्तरेला तोंड करून ओरडला, “महाराज, परत या! महाराज, परत या!” खाली आम्ही सगळ्या माना वर करून उभ्या. आणि माझ्या मनात एकच, की याला कळणार कसं हे आपल्यालाच बोलावताहेत? गादीवर बसल्यावर कितीतरी दिवस कुणी ‘महाराज’ म्हटलं की तो वळून मागे बघायचा, बाबा आले का म्हणून. मासेवालीजवळ दिलेल्या गाठोड्यात त्याची आतली बंडी आहे, धुवायला गेली होती तिथून न धुताच उचलून आणलीय. हाक जीव जाताक्षणी मारायची असते, आता उशीर झालाय, ठाऊक आहे मला. पण जेवायला बोलावलं तरी तिसऱ्या हाकेशिवाय तो कधी आला होता? ऊठ, ताई. ती बंडी घेऊन छपरावर चढ. गाव काय म्हणेल ते म्हणू दे. दृष्ट लागू नये म्हणून तू त्याला गड्यामाणसांचं नाव ठेवलं होतंस, ते घ्यायची आमच्यात कुणाची छाती नाही. ते तूच घे. तुझा राग गेला हे त्याला तुझ्याच आवाजात ऐकू दे. मोठ्याने म्हण, “दोल्से, ये रे घरी.”

वाट बघणारी तुझीच,
मालगुम